घरी सगळ्या गोळ्या साखरेच्या

धुळ्याहून पारोळ्याला येताना एसटीत माझ्या शेजारी पन्नाशीची एक बाई बसली होती. तोंडाला मास्क, मांडीवर औषधांची पिशवी. तिने आधी खिडकी उघडली, मग बसली.

"अक्का, दवाखान्यात गेला होता का?" मी विचारलं.

"हा. माले साखर शे." मग मास्क नीट करत हळूच म्हणाली, "टीबी बी शे."

घरी माहीत आहे का, असं मी विचारलं.

"साखर सांगी तं लोके फिका चहा देतस. टीबी सांगी तं कपच न्यारा करतस. घरमा बठ्ठ्या गोया साखरन्याच शेतस."

पारोळ्याच्या स्टँडवर तिची सून वर्षभराच्या मुलाला कडेवर घेऊन आली होती. आजीला पाहताच त्याने दोन्ही हात पुढे केले. बाईने पिशवी छातीशी घट्ट धरली.

"हात दुखतस मना," ती म्हणाली.

"आजीले तुनी मायाच नही," सून मुलाला म्हणाली आणि चालू लागली.

मला खरं सांगता आलं असतं, पण ते सांगणं माझं काम नव्हतं. मुलगा सुनेच्या खांद्यावरून मागे बघत होता. बाई अंतर ठेवून, मास्क न काढता, त्याच्याकडे बघत चालत गेली.