श्रवणाधिकाऱ्यांची शिफारस

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाचे हात दिवसभर अडकलेले असतात आणि कान रिकामे. तिचा नवरा हेच काम करायचा; त्याने आपले रिकामे कान पॉडकास्टच्या हवाली केले, त्याला सहा वर्षं झाली. प्लॅस्टरच्या साच्यावर मेण चढवताना, दात बसवताना, हिरडी घासून गुळगुळीत करताना कानात कुणी ना कुणी बोलत असायचंच. तेवढ्यावर भागलं असतं तर तिची काही तक्रार नव्हती. पण ऐकलेलं पोटात ठेवेल तर तो नवरा कसला! इमारतीच्या ग्रुपवर रोज सकाळी त्याची शिफारस पडायची, शेऱ्यासकट: ‘ऐकाच’, ‘वेळ असेल तर ऐका’ आणि ‘कान वाचवा’. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्याने दोन मजल्यांच्या मध्ये गाठून खोल समुद्रावरची मालिका सुचवली. अकरा दिवस डोळ्याला डोळा न लागलेल्या शेजारच्या बाळंतिणीला झोपेच्या शास्त्रावरचा भाग पाठवला. इमारतीने त्याचं नाव ‘श्रवणाधिकारी’ ठेवलं. होता तो टोमणाच, पण गृहस्थांनी पदवी समजून स्वीकारला.

ऐकायचं तेही कसं, तर पावणेदोनपट वेगाने. वर बोलणाऱ्याने मध्ये श्वास घेतलाच, तर तेवढी शांतता कापून टाकणारं बटण दाबलेलं. “आयुष्य थोडं आणि भाग फार,” असं तो म्हणायचा. याचा परिणाम असा झाला की जिवंत माणसं त्याला फारच संथ वाटू लागली. बायकोने तोंड उघडलं की तिसऱ्या शब्दाला तो म्हणायचा, “मुद्दा सांग.”

आणि मुद्दा झटकन सांगणं तिच्या स्वभावातच नव्हतं. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. तीस थर एकावर एक रचायचे, खडूने आखायचं आणि मग यंत्र फिरवायचं; बोटभर चुकलं की तीस सदरे वाया. अशा कामात वीस वर्षं काढलेली बाई बोलतानाही आधी दोनदा मापं घेते.

महिन्यापूर्वी मालकीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. दुसऱ्या गावात नवा कारखाना उघडायचा होता, बसने पाच तासांवर. सगळा कारभार तिने बघायचा, राहायचं तिथेच, पंधरा दिवसांनी एकदा घरी यायचं. उत्तर महिन्याभराने, या शनिवारी दुपारपर्यंत हवं होतं. तिला जावंसं वाटत होतं, अगदी मनापासून. पण घर सोडून जायचं म्हणजे नवऱ्याने ‘जा’ म्हणावं, नाहीतर ‘नको जाऊस’ म्हणावं, काहीतरी म्हणावं, एवढी तिची माफक अपेक्षा होती. माफक कसली, चैनच ती!

पहिल्यांदा तिने जेवताना विषय काढला. “अहो, मालकीणबाई म्हणत होत्या—”

“एक मिनिट. शेवटची चार मिनिटं राहिलीत.”

दुसऱ्या वेळी त्याने एका कानातलं बोंड काढलं, मेहेरबानीच म्हणायची. ती ‘दुसऱ्या गावात’पर्यंत पोचली, तोच त्याचे डोळे चमकले. “अगं, गाव सोडून गेलेल्या लोकांवर एक अप्रतिम मालिका आहे! पाठवतो तुला.” सात भाग आले. तिसऱ्यांदा तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली: ‘तुमच्याशी बोलायचं आहे.’ संध्याकाळी तिच्याखाली उत्तर लिहिलेलं होतं: ‘रेकॉर्ड करून पाठव, ऐकतो.’

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ग्रंथालयात पुस्तकं बदलायला गेली तेव्हा चेहरा तसाच होता. तिथल्या ग्रंथपालबाई बायकांना बोलतं करणारा एक पॉडकास्ट करायच्या. पाहुणीचं नाव सांगायचं नाही, हा नियम. त्यांनी तिला पुस्तकबांधणीच्या खोलीत नेलं, समोर माइक ठेवला आणि म्हणाल्या, “बोला, मला कुठे जायचं नाहीये.” ती पाऊण तास बोलली. नोकरी, पाच तासांची बस, चिठ्ठी, सगळं. एकदा ती पुढचं वाक्य बेतायला मध्येच थांबली, तेव्हा ग्रंथपालबाई नुसत्या थांबून राहिल्या.

शनिवारी सकाळी नवरा स्वयंपाकघरात आला तो खिदळतच.

“अगं, काय भाग ऐकलाय! तू ऐकच. एक बाई आहे, तिचा नवरा म्हणजे अगदी दगड. ती महिनाभर एक गोष्ट सांगायला बघतेय आणि हा पठ्ठ्या तिला म्हणतो, रेकॉर्ड करून पाठव! असतात हं अशी माणसं.”

तिच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. पावणेदोनपट वेगाने बायको अनोळखी वाटली म्हणावं, तर साध्या वेगाने त्याने ती कधी ऐकली होती? चिठ्ठीवरचे आपले शब्दही स्वारीला आठवले नाहीत.

“मग त्या बाईने काय करावं?” तिने विचारलं.

“जावं की सरळ! विचारत काय बसलीय? त्या ठोंब्याला आठ दिवस कळायचंही नाही.”

“नक्की?”

“शंभर टक्के. मी ग्रुपवर टाकलंसुद्धा.”

ती गॅलरीत गेली, मालकीणबाईंना फोन लावला आणि म्हणाली, “येते मी. सोमवारपासून.” एवढं थोडक्यात ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. मग आत येऊन तिने त्याच्या दोन्ही कानांतली बोंडं स्वतःच्या हाताने काढली.

“मी सोमवारी जातेय.”

“कुठे?”

“तुम्हीच आत्ता म्हणालात ना, जावं की सरळ.”

तो हसायला गेला. तेवढ्यात हातातला फोन वाजला, पाठोपाठ पुन्हा वाजला. ग्रुपवर त्याचीच शिफारस झळकत होती: ‘ऐकाच. त्या नवऱ्याची कीव येते.’ खाली बाळंतिणीने लिहिलं होतं, ‘काका, काकूंचा आवाज आम्ही पहिल्या वाक्यालाच ओळखला.’ तक्रारींसाठी ग्रुपवर घेतलेल्या लिफ्टवाल्याने नुसते हात जोडले होते.

त्याने ते दोनदा वाचलं. चेहरा पार उतरला. “मला का नाही सांगितलंस?” असं त्याने विचारलं मात्र, आणि ती हसत सुटली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. महिनाभराचा राग होता, तो असा वाट मिळेल तिकडून बाहेर पडत होता.

तो खुर्चीवर बसला. मग चाचरत म्हणाला, “तिथे राहशील कुठे? एकटी?”

विचारलं आणि तो उत्तरासाठी थांबला. मध्ये बोलला नाही, फोनकडे बघितलं नाही, ती डोळे पुसून सावकाश शब्द जुळवेपर्यंत तसाच तिच्याकडे बघत राहिला. तिला मनापासून वाईट वाटलं. मेला महिन्यापूर्वी असा एकदा थांबला असता, तर ती कदाचित गेलीच नसती.