पांढरं बटण आधी

माझी वहिनी शिवणकाम करते. नवं कमी, जुनंच जास्त. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची कंबर सैल करायची, कुठे चेन बदलायची. दारात गिऱ्हाईक आलं की हातातलं ठेवून आधी त्याचं. तिच्या स्वतःच्या बाहीची शिवण वर्षभर उसवलेली असते.

माझा दादा सव्वीस वर्षं बेकरीची गाडी चालवायचा. मग त्याची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एकेका वेळी चार तास. त्यानंतर त्याला घेरी यायची, म्हणून डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही असं सांगितलं. दवाखान्याला दोन बस बदलून जावं लागे, आणि घरची जुनी छोटी गाडी खाली कापड पांघरून उभी.

एके दिवशी दादाच परवाना कार्यालयातून बातमी घेऊन आला. लेखी परीक्षा पास झालं की त्याच दिवशी शिकाऊ लायसन्स मिळतं. शेजारी लायसन्स असलेला माणूस बसला की झालं.

"म्हणजे मी!" दादा म्हणाला. "चालवायचं तू, बसायचं मी. पेशंटही मीच आणि मास्तरही मीच."

वहिनीचा हात गाडीवर बसलेला होता. लग्न झाल्यावर बेकरीच्या मागच्या आवारात दादानेच तिला शिकवलं होतं. अडलं होतं ते पुस्तकापाशी. तीस प्रश्न, त्यातले सव्वीस बरोबर यायला हवेत. शाळा सोडून तिला पस्तीस वर्षं झालेली.

दादाने तिच्या शिवणाच्या टेबलावरच शाळा मांडली. मापाच्या दोन टेपा आडव्यातिडव्या टाकून चौक केला. बटणं म्हणजे गाड्या. पांढरं बटण वहिनीचं. खुणा, वेग, अंतर, सगळं तिला पटापट पाठ झालं. पण चौकात आधी कुणी जायचं हा प्रश्न आला की गाडी अडलीच.

"तू मोठ्या रस्त्यावर. हे काळं बटण गल्लीतून आलं. कोण थांबणार?"

"मीच थांबते."

"का?"

"त्याला घाई असेल."

"अगं, बटणाला कसली घाई?" दादा कपाळावर हात मारायचा. "तू अशी सगळ्यांना वाट देत बसलीस तर मला दवाखान्यात पोचायला पुढचा महिना उजाडेल! तुझी पाळी असली की जायचं. पांढरं बटण आधी. म्हण."

"पांढरं बटण आधी," वहिनी म्हणायची, आणि काळं बटण हळूच पुढे सरकवायची. आम्ही तिघं पोट धरून हसायचो.

परीक्षेच्या दिवशी मीही बरोबर होते. दादा बाकावर बसून दाराकडे बघत होता. मी मनातल्या मनात देवाला विनवत होते, बाबा रे, फक्त सव्वीस.

वहिनी बाहेर आली ती मान खाली घालूनच. पंचवीस.

"तोच चौक आला होता हो," ती म्हणाली. "उत्तर येत होतं मला. पण चित्रातल्या त्या दुसऱ्या गाडीत मागे दोन पोरं बसली होती."

दादाने तिच्याकडे बघितलं, आणि रागवायचं सोडून हसतच सुटला. "वन्सं, बघा तुमचा भाऊ," वहिनी रडवेल्या आवाजात मला म्हणाली. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. दादाने ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटावर चिकटवली.

दुसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी, दादा पायात चप्पल घालून तसाच खुर्चीवर बसला. "आज नको गं. दुसऱ्या बसपर्यंत चालायची ताकद नाही. उद्या बघू." वहिनीने भाड्याची गाडी बोलावते म्हणून किती सांगितलं, ऐकलं नाही. जबरदस्ती करणं तिच्या स्वभावात नव्हतं. शनिवारी सकाळी ती त्याला उठवायला गेली, तेव्हा तो गेलेला होता.

डॉक्टर म्हणाले, हृदयच थकलं होतं, एक दिवस चुकल्याने काही झालं नाही. वहिनीने मान डोलावली. मग मला म्हणाली, "सव्वीस पडले असते तर शुक्रवारी मीच घेऊन गेले असते."

देवाला मी दोष दिला नाही. पण त्या आठवड्यात त्याच्याशी बोललेही नाही.

टेबलावरचा चौक तसाच होता. चार दिवसांनी एक बाई कोटाची बाही आखूड करायला आली. माप घ्यायला टेप उचलावी लागली, आणि चौक मोडला. वहिनीने बटणं एकेक करून डबीत टाकली. "मला शिकवायचे, तुझी पाळी असली की जायचं," ती म्हणाली. "आणि स्वतः मात्र न विचारता पुढे निघून गेले."

तारीख आली. मला वाटलं होतं, आता कशाला जाते. पण कपाटावर दादाचं अक्षर होतं. ती गेली.

तीसपैकी तीस. खिडकीतल्या कारकुनाने कागदावर शिक्का मारला. "वा, मावशी! आता शेजारी लायसन्सवाला बसवायचा आणि निघायचं. घरात आहे ना कुणी?"

"होते," वहिनी म्हणाली, आणि कागदाची घडी घातली.

घरी आल्यावर तिने गाडीवरचं कापड काढलं. ती चालवायच्या जागी बसली. मी शेजारचं दार उघडलं. ती सीट दादाच्या लांब पायांसाठी पार मागे सरकवलेली होती.

"वन्सं, तुम्ही मागे बसा," ती म्हणाली.

मी मागे बसले. तिने पट्टा लावला, आरसा सारखा केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. किल्ली तिच्या मांडीवरच होती. समोरच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, मग सायकलवाला गेला, मग दुसरी गाडी. प्रत्येकाकडे ती नीट बघत होती, जाऊ देत होती.