भिंत पाणी पीत होती

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, लिहितो मात्र आज पहिल्यांदाच. आधीच सांगतो... भूतखेत, करणी, अंगात येणं असल्या गोष्टींचं आमच्या घरात नावसुद्धा निघत नसे. वडील दुसरबीडला शाळामास्तर. आम्ही बौद्ध. दीक्षा घेतली त्याच वर्षी वडिलांनी घरातले अंगारे-धुपारे, गंडेदोरे सगळे बंद केले होते. मी स्वतः शेतकी कॉलेजात शिकलेला, मातीतले क्षार मोजणारा माणूस. तेव्हा पुढचं वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

मुंबई राज्याचं महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. खारवट जमिनीच्या अभ्यासासाठी मला कैरोची शिष्यवृत्ती मिळाली. वर्गात इंग्रजी चालायचं, पण मातीचे नमुने घ्यायला शेतावर गेलो की तिथल्या शेतकऱ्यांशी बोलणार कसा? म्हणून अरबीची खाजगी शिकवणी शोधायला लागलो. पहिले मास्तर भेटले ते ग्रंथातली अरबी शिकवायचे. ती शेतावर बोललो की मजूर पोट धरून हसत, आपल्याकडे बाजारात कुणी संस्कृतात वांगी मागावीत तसं! शेवटी आमच्या इमारतीखालचा इस्त्रीवाला म्हणाला, "उस्ताद हिल्मींकडे जा. माझी पोरं त्यांच्याच हाताखालून गेलीत."

उस्ताद हिल्मी शाळेतून निवृत्त झालेले, जाड भिंगांचा चष्मा, अतिशय सौम्य माणूस. त्यांची बायको पुदिना घातलेला चहा आणून ठेवायची आणि आत निघून जायची. त्यांची शिकवायची पद्धत वेगळी होती. पुस्तक नाही, पाटी नाही.

"डोळे मीट," ते इंग्रजीत म्हणायचे. "तुझ्या घरात जा. काय दिसतं ते अरबीत सांग."

मी अडखळत सांगायचो. ते वाक्य नीट करून म्हणायचे, मी ते मागून म्हणायचो. अंगण, कडुलिंब, समोरची खोली, चूल, पाण्याचा रांजण... असं करत करत मी चांगलं बोलायला लागलो. शेतावरचे मजूर हसायचे थांबले.

थंडीचे दिवस होते. त्या दुपारी मी डोळे मिटून घराच्या मागच्या खोलीत शिरलो. मातीच्या भिंतींची, एकाच खिडकीची खोली. बाज आहे, भिंत आहे, एवढं मी सांगितलं. मग उस्तादांचा आवाज आला — "एस-सित्त नायमा." बाई झोपली आहे. मी मागून म्हणालो.

"एल-हेता बेतिश्रब." भिंत पिते आहे. पाणी पिते आहे. मी तेही म्हणालो.

मग अगदी हळू — "एस-सित्त मिश साम्आ." बाईला ऐकू येत नाहीये.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डोळे उघडले तर उस्ताद माझ्याकडे टक लावून बघत होते. चहाचा पेला हातात तसाच.

"उस्ताद, ही कसली वाक्यं?"

"आज पुरे," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला मी मुद्दाम डोळे मिटून अंगणातच थांबलो. तरी तेच झालं. तीच तीन वाक्यं, त्याच क्रमानं. आता तर मला ती भिंत दिसायलाही लागली... खालून काळी पडत वर चढणारी ओल.

माझी धाकटी बहीण सिंधू तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली होती. आणि तिची बाज मागच्या खोलीत टाकलीय, हे मला घरून कळलेलं होतं.

उस्तादांच्या घरून निघालो तो थेट तारऑफिसात. सिंधूला मागच्या खोलीतून ताबडतोब हलवा, एवढीच तार केली. कारण काय लिहिणार? चारच दिवसांत वडिलांची तार आली, सिंधू समोरच्या खोलीत आहे, सगळं ठीक. मला खूप हलकं वाटलं. काही दिवसांनी मुलगी झाल्याचीही तार आली.

आनंदानं पेढ्यांसारखी कसलीशी मिठाई घेऊन उस्तादांकडे गेलो. त्यांनी दार अर्धवटच उघडलं.

"मी तुला यापुढे शिकवणार नाही."

"का? माझं काही चुकलं का?"

ते म्हणाले, "तू माझी परीक्षा घेत होतास का? तुला अरबी आधीपासून येत होती?"

मी म्हणालो, "उस्ताद, ती वाक्यं तर तुम्ही सांगितलीत. मी फक्त मागून म्हणालो."

"मी?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मुला, आधी तू म्हणायचास. एकही चूक नाही, आमच्या गावाकडच्या म्हाताऱ्या बोलतात तसं. मागून मी म्हणायचो... नीट ऐकलं का बघायला."

आणि दार लावून घेतलं. माझ्या त्या हसऱ्या, सौम्य उस्तादांना माझी भीती वाटत होती.

शिक्षण संपवून परतलो. जालन्याहून एसटीनं दुसरबीडला उतरलो. अंगणात सिंधूची मुलगी रांगत होती. घरात सगळे होते, फक्त आत्या दिसेना. आत्या म्हणजे वडिलांची थोरली विधवा बहीण, आमच्याकडेच राहायची.

"आत्या कुठंय?"

वडील उठून बाहेर गेले. आई मला मागच्या बाजूला घेऊन गेली. मागची खोली नव्हतीच. नुसता मातीचा ढीग, त्यावर गवत उगवलेलं.

"तुही परीक्षा व्हती, म्हून तुले कळवलं नाई," आई म्हणाली. "तार आली तशी सिंधूले समोर आणली. समोर दोन बाजा मावत नव्हत्या. आत्या म्हने, पोरीले माही जागा द्या, मी झोपतो मांगं. मले म्हातारीले काय होते?"

"मग?"

"मंग काय... दुपारची झोपली व्हती. भिंत बसली."

"पाऊस झाला होता?"

"हिवाळ्यात कुठचा पाऊस रे? वरून भिंत खडखडीत कोरडी. पन माती उपसली तं आतून पार चिखल. जशी आत्ताच कालवली. आम्ही तिले हाका मारल्या व्हत्या, भिंत फुगली दिसली तवा. तिले ऐकूच आलं नाई." मग माझा हात धरून तिनं विचारलं, "तुले कसं समजलं, बाबू?"

अरबीत बहिणीला 'उख्त' म्हणतात. त्या वाक्यात 'उख्त' नव्हतं. 'सित्त' होतं... बाई. कोणतीही बाई. बहीण हे मी धरून चाललो होतो.

माती पाणी कशी धरून ठेवते हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलं. त्या भिंतीत पाणी आलं कुठून, हे मला आजही सांगता येत नाही. उस्ताद खरं बोलत होते की मी, हेही नाही. अरबी मी पुन्हा कधी बोललो नाही.

सिंधूनं मुलीला आत्याचंच नाव दिलं. या विषयावर ती माझ्याशी एकदाच बोलली. मुलीची वेणी घालत होती, मान वर न करताच म्हणाली, "भाऊ, तू तार केली नसती तं आत्या असती अन् आम्ही दोघी नसतो. आता तूच सांग, मी तुले काय म्हनू?"