मासे सोडले

शशिधर माझा पुण्यातला मेडिकलचा वर्गमित्र. इंग्लंडात आल्यावर मी लंडनच्या स्टॅनमोरला जीपी झालो, तो भूल देणारा डॉक्टर होऊन थेट उत्तरेला, केंडलला गेला आणि तिथलाच झाला. रिटायर झाल्यावर त्याला लेक डिस्ट्रिक्टच्या तळ्यावर गळ टाकून बसायचं वेड लागलं. गंमत म्हणजे हा पक्का देशस्थ, अंड्यालाही शिवत नाही. आणि बायको अलका मालवणची, ताटात मासा नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही म्हणणारी!

त्या पठ्ठ्याचं मासे पकडणंही सोवळ्यातलं. हात ओले करायचे, मगच माशाला धरायचं. पट्टेरी पर्च असो की करवतीसारख्या दातांचा पाईक, हळूच गळ काढायचा, एक फोटो घ्यायचा आणि मासा पाण्यात सोडून द्यायचा. अलका वैतागायची. "अहो, सोडायचेच तर पकडता कशाला? एखादा ट्राउट तरी आणा, रवा लावून तळते." तिथे एक-दोन ट्राउट घरी न्यायला परवानगी होती, हे मला फार उशिरा कळलं. यानं एकही नेला नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात तो तळ्यावर असताना अलकाचा फोन आला.

"अहो, ऐकलंत का? मी मासे सोडले."

"मीपण आत्ताच सोडला! आठ पाउंडांचा पाईक!"

तीही हसली म्हणे. आपल्या या जोकवर शशी इतका खूश झाला की त्यानं तिथूनच मला फोन केला. मीही खो-खो हसलो आणि रविवारी मित्रमंडळींत तो जोक माझाच असल्यासारखा खपवला.

मालवणची बाई साठ वर्षांनंतर मासे सोडते, आणि दोन डॉक्टर हसतात. आमच्या दोघांच्या डिग्र्या तळ्यात बुडवायच्या लायकीच्या.

तिची भूक मेली होती. माशाचा वास आला तरी पोटात ढवळायचं. नवऱ्याला उगाच घोर नको म्हणून तिनं बेतानं, हसत सांगून पाहिलं होतं. जानेवारीत ती पिवळी दिसू लागली तेव्हा स्कॅन झाला. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पोचलेला. मार्चमध्ये ती गेली. सप्टेंबरात कळलं असतं तर वाचली असती का, हे शशीनं मला शंभरदा विचारलं. मी दर वेळी "नसती" म्हणालो. खरं सांगायचं तर मला माहीत नाही.

तरी तो तळ्यावर जायचा. घरात बसवत नाही म्हणायचा. गेल्या महिन्यात एका दुपारी त्याचा फोन आला.

"विन्या, मी मासे सोडले. रॉड, जाळं, सगळं तळ्यावरच्या फिशिंग क्लबला देऊन टाकलं."

'खात होतास कधी लेका?' हे अगदी जिभेवर आलं होतं. चाळीस वर्षांची सवय. कसंबसं गिळलं आणि विचारलं,

"का रे?"

तो म्हणाला,

"एवढंच विचारायला हवं होतं रे मी तिला."