जाझच्या तबकड्यांना गिऱ्हाईक

माझा धाकटा भाऊ नांदेडात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. वाजवायचा, असं म्हणायला माझी जीभ अजून रेटत नाही.

त्याच्याकडे स्विंग जाझच्या, ग्रामोफोनवर वाजणाऱ्या जुन्या तबकड्या होत्या, दोन लोखंडी पेट्या भरून. त्याचे उस्ताद तरुणपणी सिकंदराबादच्या क्लबांत साहेबलोकांच्या नाचाला वाजवायचे. त्यांनी त्या जमवल्या आणि मूलबाळ नसल्यामुळे जाताना माझ्या भावाच्या हवाली केल्या. लाखेच्या, जड, हातातून सुटल्या की खापरासारख्या फुटणाऱ्या. मला त्या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण पंधरावीस वाद्यं एकदम उसळायची, त्यांच्या डोक्यावरून एकटी क्लॅरिनेट वर निघून जायची, आणि त्याच्या घरी भाकरी थापताना माझा पाय आपोआप हलायचा. भाऊ तेच तुकडे वरातीत दोन गाण्यांच्या मध्ये घुसवायचा. नाचणाऱ्यांना पत्ता लागायचा नाही, हा मात्र दिवसभर खुशीत.

गेल्या लग्नसराईत त्याच्या खालच्या ओठाच्या आत फोड आला. बँडवाल्यांना ओठ सोलणं नवं नसतं. क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी असते, तिला हे लोक पत्ती म्हणतात. भावानं सगळा दोष त्या पत्तीला दिला. ती तासली, बदलली, हैदराबादहून नवी मागवली. ओठाआड तंबाखूचा मावा दाबून मैलोन्मैल वरात चालायची त्याची जुनी सवय, तिच्याकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही. बँडमधले सगळे तसेच, मग दाखवणार कोण?

दिवाळीला तो माझ्याकडे लातूरला आला. भाकरी दुधात कुस्करून गिळत होता. मी तोंड उघड म्हटलं तर ते धड उघडेना. दुसऱ्याच दिवशी त्याला ओढत दवाखान्यात नेलं. तुकडा तपासून आला आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की कॅन्सर आहे, खालच्या जबड्याचा भाग काढावा लागेल, लवकर या, माणूस वाचेल. भावानं एकच विचारलं, नंतर फुंकता येईल का. डॉक्टर नाही म्हणाले.

भाऊ माझ्याबरोबर परतीच्या वाटेला लागला. मग म्हणाला, "करतो आपरेशन. पण आधी त्या रेकॉर्डी चांगल्या हातात जाऊ दे, अक्का. त्या घरात असताना मुक्यानं बसणं मला जमायचं न्हाई."

मला ते रास्त वाटलं. चार फोन फिरवले की काम झालं, अशी माझी समजूत. मी उभी हयात शाळेत पोरांना वळण लावलं, एक भाऊ काय जड जाणार!

भाऊ नांदेडला परतला. तिथं पहिला आला तो लातूर रोडवरचा एक हॉटेलवाला. त्याला तबकड्या भिंतीवर टांगायच्या होत्या, गिऱ्हाइकांनी फोटो काढावेत म्हणून. भावानं त्याला चहासुद्धा विचारला नाही. दुसरा हैदराबादचा व्यापारी. त्यानं तबकडीच्या रेघांवर थेट बोट फिरवलं म्हणून भावानं त्यालाही वाटेला लावलं. तोवर भावाच्या जबड्याखाली गाठ दिसायला लागली होती. तो तोंडावर रुमाल धरून बोलायचा, आणि जवळ बसलं की वास यायचा. मी तो वास ओळखला नाही असं दाखवायचे.

मग मी उदगीरचे एक निवृत्त प्राध्यापक शोधून काढले. त्यांनी तबकडी कडेनं धरली, डोळे मिटून ऐकली, आणि संपल्यावर डोळे पुसले. मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचे. दोन दिवसांनी भावाचा फोन आला, नको म्हणून. कारण काय, तर त्यांच्या बैठकीला पश्चिमेचं ऊन लागतं, तबकड्या वाकतील.

ऊन हे निमित्त होतं, हे मला तेव्हा कळलं. सकाळची पहिली एसटी धरून मी नांदेड गाठलं. गल्लीच्या तोंडापासूनच ग्रामोफोन ऐकू येत होता, आणि त्या उड्या मारणाऱ्या सुरांची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

"तू गिऱ्हाईक बघून नाही राहिलास," मी त्याला म्हटलं. "तू दिवस काढून राहिलास."

त्यानं नाकारलं नाही. "हाव," म्हणाला. "लग्नं लई धरलीत, अक्का. तेवढी वाजवून घेऊ दे. मग काप म्हण कुणालाबी."

मी खूप बोलले. नको ते बोलले. त्याच्या बायकोच्या कपाळाकडे बोट दाखवून बोलले. ती चुलीपाशी तोंडात पदर धरून रडत होती, आणि हा क्लॅरिनेट पुसत होता. मला त्याचा इतका राग आला की वाद्य हिसकावून अंगणात फेकावंसं वाटलं. लग्नसराई सरली की येतो, एवढंच वचन घेऊन मी परतले.

लग्नसराई सरायच्या आतच त्याचा आपणहून फोन आला. "त्या हॉटेलवाल्याला घेऊन ये," म्हणाला. "देऊन टाकू."

मला आनंद झाला. खरंच झाला. भिंत तर भिंत, पण याला शहाणपण सुचलं! मी दवाखान्यात फोन करून खाट सांगून ठेवली, त्याच्यासाठी नवे टॉवेल आणि सदरे घेऊन बॅग भरली, आणि हॉटेलवाल्याच्या गाडीतूनच नांदेडला गेले.

माणसांनी पेट्या उचलल्या. कसं धरायचं, हे भावानं सांगितलं नाही. दारात एकाच्या हातून दोन तबकड्या निसटून फुटल्या, तरी त्यानं मान वर केली नाही. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण मी घाईत होते. पेट्या गाडीत चढल्यावर मी त्याला म्हटलं, ऊठ, कपडे बदल, खाट तयार आहे, याच गाडीनं जाऊ.

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती आत निघून गेली. मग त्यानं तोंडावरचा रुमाल काढला.

"सोमवारी हिला घेऊन गेलतो मी डाक्टरकडं," तो म्हणाला. "गळ्यात उतरलंय म्हणले. आता कापून उपेग न्हाई."

मी बॅग तशीच धरून उभी राहिले. दुसरा डॉक्टर बघू, सोलापूरला नेते, मुंबईला नेते, तू आधी ऊठ, असं काय काय म्हणत होते. त्यानं माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि खाली ठेवली.

"बस, अक्का. आता कसली घाई हाय? जेवून जा."