सलामीनंतर

सकाळी बायकोनं शिलाई मशीनला तेल घातलं आणि त्या वासानं मला गोरेगाव नावाच्या खेड्याजवळच्या एका माळावर नेलं. मी पोलिसात नवा होतो. वीरमरण आलेल्या एका जवानाला सलामी द्यायला आमची तुकडी गेली होती. हातात तशाच तेलाच्या वासाची जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल. एकेक बार उडाला की बोल्ट हातानं मागं ओढायचा. आजही सलामीला तीच असते.

बार झाले तशी लांबवर चरणारी मेंढरं उधळली. चिता पेटल्यावर जवानाची आई सरळ माझ्यासमोर आली.

“खांदा दुखला का रं, लेकरा?”

सलामीच्या गोळ्या नुसत्या आवाजाच्या. त्यांनी कुठला खांदा दुखायला! पण ते मला सांगवलं नाही. “व्हय माय, थोडा,” म्हणालो.

“माह्या पोराचाबी लई दुखायचा. सुट्टीवर आला की मीच चोळून द्यायची,” म्हणत ती माझा खांदा चोळू लागली.

तेव्हा सगळ्यांसमोर मी ओशाळून गेलो होतो. आता माझी लेक फौजेत आहे. त्या माउलीचा हात आपणहून थांबेपर्यंत मी हललो नाही, याचं आज फार बरं वाटतं.