सरकारजमा शेळी

सांगवीच्या गोजाबाईनं उभ्या आयुष्यात एकच परदेश पाहिला, आणि तोही नाइलाजानं. तिच्या लेखी मुळा ओलांडून औंध संपलं की पुढचं सगळं जग परकंच होतं. पण १९५३ साली तिला खराखुरा परदेश बघावा लागला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. सावंतवाडीहून पुढं गेलं की हद्दीवर दोन नाके लागत, आधी आपला आणि मग त्यांचा.

आता नाक्याला भिणारी बाई ती नव्हे. लेक सुभद्रा चार वर्षांची असताना नवरा गेला, तेव्हापासून नदीकाठच्या वीस गुंठ्यांत माळवं पिकवायचं, पहाटे पाटी डोक्यावर घ्यायची आणि खडकीचा बाजार गाठायचा, असं तिचं वीस वर्षं चाललं होतं. बाजाराच्या तोंडाशी जकात नाका. तिथल्या कारकुनाशी रोज दोन पैशांसाठी हुज्जत घालायची आणि जाता जाता त्याच्या टेबलावर मेथीची एक जुडी ठेवायची. तो जुडीही घ्यायचा आणि जकातही पुरी घ्यायचा. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. शेतातलं पहिलं निघालेलं शेजारणीला, गुरवाला, समोर येईल त्याला द्यायचं, ह्याला वानवळा म्हणतात. तो दिल्याशिवाय गोजाबाईला पाटी हलकी झाल्यासारखी वाटत नसे. मी तिला पुष्कळ वर्षं पाहिलं आहे. कडक तोंडाची आणि सैल हाताची बाई.

सुभद्रा दिली होती ज्योतीरामला. हा गडी ट्रक चालवायचा. गोव्यात खनिजाच्या खाणी जोरात चालू लागल्या, ड्रायव्हरांना पगार बरा मिळतो असं ऐकलं, आणि हा बायकोला घेऊन डिचोलीकडं गेला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून सातव्या महिन्यात लेकीला आणायला जायचं गोजाबाईनं ठरवलं होतं. नेमकी सातव्यात कांद्याची लागण आली. आठव्यात जाऊ, असं ती म्हणाली. दिवस आधीच भरले. तार हातात पडली आणि गोजाबाई तिथं पोचली, तोवर लेकीला जाऊन चार दिवस झाले होते. मागं राहिली होती टीचभर पोरगी.

रडायला तिला सवडच मिळाली नाही. पोरीच्या पोटात काही ठरेना. गाईचं दूध पाजलं की ओकायची. वस्तीवरच्या एका बाळंतिणीनं दोन दिवस अंगावर घेतलं, तेही बाधलं. शेवटी ज्योतीरामनं कुठूनशी एक तांबडी शेळी आणली आणि तिचं दूध पोरीला मानवलं. महिनाभरात तिच्या गालांवर मांस दिसायला लागलं. ज्योतीरामला आई नव्हती, आणि खाणीवर तो दिवसभर ट्रकवर. पोरीला सांगवीला न्यायचं ठरलं, आणि पोरीबरोबर शेळीलाही. दोन दिवसांचा प्रवास, वाटेत दूध मिळेल न मिळेल, आणि मिळालं तरी पोटात राहील ह्याची खात्री कोण देणार?

निघताना गोजाबाई परसात गेली. सुभद्रेनं जायच्या थोडेच दिवस आधी तिथं तांबडा माठ पेरला होता. तो आता हातभर झाला होता. तिनं तो उपटला, पाच जुड्या बांधल्या आणि गाठोड्यात ठेवल्या. सांगवीला पोचेपर्यंत माठाचा पालापाचोळा होणार हे भाजीवालीला कळत नव्हतं असं नाही.

ज्योतीराम हद्दीपर्यंत सोडायला आला. पलीकडच्या पोर्तुगीज शिपायानं बाळाकडं बघून जिभेनं टकटक असा आवाज केला, शेळीकडं बघून हसला आणि हातानंच जा म्हणाला. ज्योतीराम तिथूनच मागं फिरला, कारण दुपारची पाळी चुकली तर मुकादम कामावरून काढणार होता.

आपल्या नाक्यावर मात्र नवा साहेब आला होता. यशवंतराव त्याचं नाव. वय तिशीच्या आतलं, शर्टाची घडी मोडलेली नाही, आणि समोर नियमांचं जाडजूड पुस्तक. त्या वाटेनं घड्याळं यायची, सोनं यायचं, बायकांच्या अंबाड्यांत आणि बाळांच्या दुपट्यांत लपून यायचं. आधीच्या साहेबाची त्यापायीच बदली झाली होती. यशवंतरावांनी मनाशी शपथच घेतली होती म्हणा ना, की आपल्या हातून असं काही होऊ द्यायचं नाही.

गोजाबाईनं बाळ सावरलं, शेळीची दोरी पायाखाली धरली, आणि वीस वर्षांच्या सवयीनं गाठोड्यातून माठाची एक जुडी काढून टेबलावर ठेवली.

"हे काय?" यशवंतरावांनी विचारलं.

"माठ हाय, सायेब. ताजा हाय."

"मला कशाला?"

"असू द्या की. सांजच्याला व्हईल."

साहेबांचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर चौकात त्यांचं पागोटं उडवलं. शिपाई बघतायत, रांगेतली माणसं बघतायत, आणि ही म्हातारी उघड उघड लाच देते! जी बाई विचारण्याआधीच काही पुढं करते तिच्याजवळ लपवण्यासारखं काहीतरी असणारच, असा सरळ हिशेब त्यांनी मांडला. त्यांनी हाक मारली, "अंबुबाई, ह्यांची पूर्ण झडती घ्या. मुलाचीसुद्धा."

अंबुबाई ही बायकांची झडती घेणारी, तिथल्याच गावची. तिनं गोजाबाईला आडोशाला नेलं, अंबाडा सोडायला लावला, लुगड्याचे ओचे झाडले, बाळाचं दुपटं उलगडलं. सापडलं काय, तर एक डोरलं. फडक्यात बांधलेलं, चार मण्यांचं.

"कुणाचा ह्या?" अंबुबाईनं विचारलं.

"लेकीचं." एवढंच गोजाबाई बोलली. अंबुबाईनं बाळाकडं पाहिलं, फडकं परत बांधलं आणि तिच्या हातात दिलं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "काय नाय, सायबानू." पण तोवर यशवंतरावांनी पुस्तक उघडलं होतं. परमुलखातलं जनावर, दाखल्याशिवाय आणलेलं. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला असल्याशिवाय शेळी आत घेता येत नव्हती. एरवी कदाचित कुणी तिकडं बघितलंही नसतं. पण जुडी टेबलावर पडून होती. त्यांनी शेळी जप्त केली. शिपायानं ती मागच्या फणसाला नेऊन बांधली.

"तुम्ही आणि मूल जाऊ शकता," साहेब म्हणाले.

"आन् शेळी?"

"शेळी आता सरकारजमा झाली. डॉक्टर उद्या येतील, मग बघू."

वीस वर्षांत कुठल्या नाक्यानं तिची पाटी अडवली नव्हती. ती भांडली, हात जोडले, पोरीच्या पोटाचं सगळं सांगितलं. यशवंतराव ऐकत होते, पण त्यांची बोटं पुस्तकावरून हलत नव्हती. मला त्या माणसाचा राग येतो, आणि त्याची कीवही येते. वाईट माणूस असता तर त्याला सोपं गेलं असतं.

ती नाक्यासमोरच्या दगडावर बसून राहिली. ऊन वर चढलं. पोरगी जागी झाली, तोंड इकडं तिकडं फिरवायला लागली, आणि मग रडायला लागली. गोजाबाई वाटी घेऊन फणसाकडं गेली तर शिपाई आडवा आला. जप्तीच्या मालाला मालकानं हात लावायचा नाही. शेळीला आवाज ओळखीचा. ती दोरी ताणून ओरडायला लागली. एकीकडं पोर आणि एकीकडं शेळी. रांगेतल्या माणसांनी माना खाली घातल्या. अर्धा तास झाला, तास झाला. पोरीचा आवाज बारीक होत गेला, आणि तेच गोजाबाईला सोसवेना. सहा आठवड्यांपूर्वी आपण वेळेवर पोचलो नाही, आणि आता वेळेवर असून हातात काही नाही, ह्या विचारानं तिचं काळीज करपून गेलं.

अंबुबाई टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "सायबानू, शेळी आता सरकारची झाली मां? मगे दूध काढूक सरकार कधी येतला? सड तटतटलेत तिचे. रातीपर्यंत रवली तर गाठी होतले, मगे तुमच्या डॉक्टराक काय दाखवतलास?"

यशवंतरावांनी मान वर केली. मग पुस्तक पुढं ओढलं आणि भराभर पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं. जप्त केलेल्या जनावराची निगा अधिकाऱ्यानं राखायची. जप्तीतला नाशवंत माल जागच्या जागी निकालात काढायचा.

"दूध नाशवंत आहे," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही, बहुधा स्वतःलाच. ते उठले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि फणसाकडं गेले. शिपायांपैकी कुणाला धार काढता येईना. साहेबांनी स्वतः प्रयत्न केला, तर शेळीनं लाथ मारून त्यांच्या शर्टाची घडी एकदाची मोडली.

"सरका," गोजाबाई म्हणाली. "शेळी तुमची, हात माजं."

साहेब सरकले. वाटी भरली. गोजाबाईनं कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दूध पोरीच्या तोंडात सोडलं.

पोरगी झोपल्यावर यशवंतराव जवळ आले. "आजी, एक विचारतो. ती भाजी तुम्ही मला का दिलीत?"

"म्हंजी? तुमी नाक्यावर बसल्याले."

"म्हणजे मी सोडावं म्हणून?"

गोजाबाईला प्रश्नच कळेना. "सोडावं म्हनून कशापायी? जकात ती जकात. आमच्या खडकीच्या नाक्यावर मी रोज जुडी द्येते, आन् त्यो मेला रोज पैसं घेतो. माल निघाला की समोरच्याला द्यावा. माज्या लेकीनं पेरल्याला माठ हाय त्यो. तिच्या हातचं पैलं पीक. कुनाला तरी पैलं द्यायाचं व्हतं. तुमी समोर व्हता."

यशवंतराव मागं वळले. टेबलाशी जाऊन त्यांनी सुकत चाललेल्या जुडीवर तांब्यातलं पाणी शिंपडलं. नियम मात्र त्यांनी मोडला नाही. गोजाबाई ती रात्र अंबुबाईच्या घरी राहिली, आणि दर तीन तासांनी सरकारचा नाशवंत माल निकालात निघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दहाला डॉक्टर आले. शेळीचे दात बघितले, डोळे बघितले, दाखला लिहिला. यशवंतरावांनी शेळी सोडल्याचा कागद केला. मग बाळाचाही एक कागद काढला. वाटेत पुढं कुणी अडवलं तर म्हातारीजवळ काहीतरी असावं, म्हणून.

"मुलीचं नाव?"

"बारसं व्हायचंय."

"मुलगी, वय सहा आठवडे," त्यांनी लिहिलं. "आईचं नाव?"

गोजाबाई हळूच म्हणाली, "ती न्हाई आता, सायेब. काय लिवायचं तिचं?"

यशवंतरावांनी कागद तिच्याकडं वळवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथं आईचं नाव विचारलंय, आजी. ती आहे की नाही, ते विचारलेलं नाही."

लेक गेल्यापासून सगळे तिला बिचारी म्हणत होते, तुझी लेक म्हणत होते, कुणी नुसतंच ती म्हणत होते. तिचं नाव कुणी घेतलंच नव्हतं, गोजाबाईनंसुद्धा नाही.

"सुभद्रा," ती म्हणाली, आणि सहा आठवड्यांचं रडं तिला तिथं, साहेबाच्या टेबलावर, शिपायांच्या देखत आलं. यशवंतराव टाक हातात धरून थांबले. तिचं आटपल्यावर त्यांनी विचारलं, "सुभद्रा, पुढं?" आणि तिनं सांगितलेलं संबंध नाव सावकाश, ठळक अक्षरांत लिहिलं.